मंडळीतल्याच (आपल्याच चर्चमधल्या) भावाने पैसे अडकवले, तर ख्रिस्ती माणसाने कोर्टात जावं का?

तुम्ही लिहिलंय, गायनवृंदातल्या सोबत्याला भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटसाठी दोन लाख दिले. दीड वर्ष तो आज-उद्या करतोय. पाळकसाहेबांना सांगून झालं, कमिटीतल्या दोघांच्या कानावर घातलं, आता कोर्टाचा विचार आहे, पण भावाने भावाला कोर्टात खेचू नये असं लिहिणारा प्रेषित पौल मध्ये येतो.

एक विचारू? त्याच्याशी एकट्याने बोललात का? एवढ्या लांब प्रश्नात ते कुठेच दिसलं नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात (१८:१५-१७) येशूने क्रमच लावून दिलाय. आधी तू आणि तो, दोघेच. ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार. मग मंडळी. आपल्याकडे गाडी उलटी धावते. आधी महिला मंडळात कुजबुज, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव न घेता एक झोंबणारं वचन, मग पास्टरेट कमिटीला, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या कमिटीला अर्ज. एकांतातली भेट राहूनच जाते.

मीही तेच केलं होतं म्हणून सांगतोय. आईच्या भायखळ्याच्या पागडीच्या खोलीवरून मी आणि दादा साडेतीन वर्षं बोलत नव्हतो. चर्च एकच. तो डावीकडे पंख्याखाली, मी उजवीकडे दाराशी. प्रभुभोजनाला तो उठला की मी पुढच्या रांगेसाठी थांबायचो. आई गेल्यावर खोलीचं कुलूप मी त्याला न विचारता बदललं होतं. छत गळत होतं, सामान हलवायचं होतं, कारण खरंच होतं. पण दुसरी किल्ली त्याला दिली नव्हती, त्याला काही कारण नव्हतं.

एका रविवारी मत्तय ५ वर उपदेश झाला: दान वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर. मी वर्गणीचं पाकीट खिशातच ठेवून घरी आलो. बायको म्हणाली, देवाचे पैसे तरी द्यायचे! बुधवारी संध्याकाळी दादाकडे गेलो. वहिनीने दार उघडलं आणि न बोलता आत गेली. दादा टीव्हीसमोर मटार सोलत बसला होता. मीही बसलो, सोलायला लागलो. अर्धं पातेलं झाल्यावर म्हणालो, "दादा, कुलूप मी तुला न विचारता बदललं. चुकलं माझं."

तो म्हणाला, "किल्ली आणलीस?"

आणली होती.

खोलीचा वाद त्या दिवशी काही मिटला नाही. मामा आणि मंडळीतले एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ यांच्यासमोर आणखी दोन बैठका झाल्या, मग कागद झाला. माझ्या वाट्याला थोडं कमीच आलं असं मला अजून वाटतं. दादालाही तसंच वाटतं म्हणे.

आता पौल. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ६. भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का, असं तो विचारतो. टोला मंडळीला आहे, तुमच्या एकट्याच्या माथी मारू नका. याच करिंथात त्याला स्वतःला रोमी सुभेदार गल्लियोच्या न्यायासनापुढे खेचलं होतं आणि गल्लियोने, तुमचं तुम्ही बघा म्हणून सगळ्यांना हाकलून दिलं होतं (प्रेषितांची कृत्ये १८). असला तमाशा त्याने जवळून पाहिलेला. तरी पुढे जिवावर बेतलं तेव्हा त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी बादशहाकडे, दाद मागितलीच. त्यामुळे कोर्टाची पायरी चढणं हे पाप, असं मी म्हणणार नाही. कमिटीकडे मात्र माणूस मागा: हिशोब कळणारा, दोघांपैकी कुणाच्याही घरी जेवायला न जाणारा.

आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा. उसन्या पैशांचा दावा साधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. १९६३ चा लिमिटेशनचा (दाव्याच्या मुदतीचा) कायदा कमिटीच्या तारखांसाठी थांबत नाही. मुदत संपण्याआधी त्याने 'एवढे देणे आहे' असं सहीनिशी लिहून दिलं, तर तीन वर्षं नव्याने मोजली जातात. समेटाच्या बैठकीत हा कागद करून घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. तेही जमलं नाही तर विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीत जाता येतं. तिथे खर्च जवळपास नाही, आणि झालेली तडजोड कोर्टाच्या हुकुमासारखीच बंधनकारक असते.

हे सगळं पैशाअडक्याच्या वादापुरतं. बायकोला मारहाण, मुलांवर अत्याचार असलं काही असेल तर 'घरातलं घरात' म्हणणाऱ्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचं ऐकू नका. थेट पोलिसांत जा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं सक्तीचंच आहे.

तर या आठवड्यात त्याच्या घरी जा. रविवारी उपासना सुटल्यावर गेटवर गाठू नका, तिथे सगळे कान टवकारून उभे असतात. आणि पैसे मागण्याआधी एक विचारा: ती खोली त्याने सोडली का, आणि सोडली असेल तर मालकाने डिपॉझिट परत दिलं का? मुंबईत घरमालक डिपॉझिट अडकवून ठेवतात. तसं झालं असेल तर त्याच्या खिशात दोन लाख नाहीतच. मग पगाराच्या तारखेला सात-आठ हजारांचा हप्ता ठरवा, कागदावर घ्या आणि शनिवारी गायनवृंदाच्या तालमीला जात राहा.