कलम १५४ च्या शेजारची रिकामी जागा

एरवी या सदरात सातबारा, वारसनोंद, मोजणी, बांधाचे वाद असे प्रश्न येतात आणि कोणता अर्ज कुठे द्यायचा ते मी सांगते. मागच्या अंकात मी वाचकांना विचारलं होतं, की जमिनीच्या कायद्यात एकच बदल करायचा तर कोणता कराल? पत्रं आली, पण बहुतेकांनी प्रश्न माझ्याकडेच परत पाठवला. तलाठी म्हणून लागले, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले, छत्तीस वर्षं त्याच दप्तरात गेली. तेव्हा उत्तर देणं माझ्याकडे लागतं.

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्या गावात कितीतरी सातबाऱ्यांवर मयत माणसांचीच नावं होती. ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत त्यातली काही बदलली. पण मोहीम संपली, की पुढच्या मयताचं काय? तुमच्या हाती एक कलम दिलं तर काय लिहाल? (जि. लातूर)

उत्तर : गुरुजी, ती मोहीम चांगलीच होती. बुलढाणा जिल्ह्यातून सुरू झाली, २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर राबवली, आणि अडलेल्या अनेक घरांची कामं झाली. पण मोहीम काढावी लागली, याचाच अर्थ रोजच्या व्यवस्थेत कुठेतरी काम अडतंय. कुठे, ते मी तीस-पस्तीस वर्षं जवळून पाहिलंय.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ काढा आणि कलम १५४ वाचा. शेतजमिनीचा दस्त नोंदवला गेला, की नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याने ते तलाठ्याला आणि तहसीलदाराला कळवायचं, असं त्यात आहे. खरेदीखत झालं, की एका कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयाला सांगायचं. आता तर ई-फेरफारमुळे (फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) ही माहिती संगणकावरूनच तलाठ्याकडे येते.

आता कलम १४९ वाचा. जमिनीचा धनी वारला, तर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी, म्हणजे खबर, द्यायची. इथे कुठलंच कार्यालय कुठल्या कार्यालयाला काही सांगत नाही. पैसे मोजून जमीन घेणाऱ्यासाठी सरकार आपणहून हलतं, आणि नवरा गेलेल्या बाईने मात्र स्वतः उठून सांगायला यायचं. कुणी मुद्दाम असं केलं, असं माझं म्हणणं नाही. पण साठ वर्षं हे असंच चालू आहे आणि मला ते मान्य नाही.

माझा पहिला सजा, म्हणजे तलाठ्याचं कार्यक्षेत्र, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातला. ग्रामपंचायतीची कौलारू इमारत, पुढे पडवी. पडवीच्या डाव्या हाताला ग्रामसेवकाची खोली, तिथल्या कपाटात मृत्यूची नोंदवही. उजव्या हाताला माझी खोली, तिथे गाव नमुना ६, म्हणजे फेरफार रजिस्टर. मध्ये एक भिंत. एकदा वस्तीवरची एक बाई आली. हातात फडक्यात बांधलेलं बँकेचं पासबुक आणि सोसायटीची कर्जाची नोटीस. नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी म्हटलं, “मृत्यूचा दाखला आणा.” ती उठली आणि पडवीतून दहा पावलं चालून पलीकडच्या दाराशी गेली. ग्रामसेवक पंचायत समितीच्या बैठकीला गेलेला. ती परत माझ्या दाराशी आली आणि म्हणाली, “बाई, ते न्हाईत. मंगळवारी येऊ का?” चार किलोमीटर चालत आली होती, तेवढीच चालत गेली. मंगळवारी दाखला मिळाला, तर मी पोलीस पाटलाचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र मागितलं. नियमाप्रमाणेच मागितलं. ज्या मृत्यूची नोंद त्या भिंतीपलीकडे आधीच झाली होती, तो सिद्ध करायला तिला पाच वेळा यावं लागलं. तोवर पीककर्जाची मुदत निघून गेली.

म्हणून माझं कलम असं. मृत्यूची नोंद करणाऱ्या निबंधकाने, मयताच्या नावे शेतजमीन असेल तर, तशी सूचना त्या गावच्या तलाठ्याला पाठवावी. सूचना मिळाल्यापासून सात दिवसांत तलाठ्याने वारस फेरफाराची नोंद धरावी आणि चौकशीत कळलेल्या प्रत्येक वारसाला नोटीस काढावी. कुणी वर्दी दिली नाही, या कारणाने नोंद थांबता कामा नये.

अडचण मला ठाऊक आहे. हल्ली पुष्कळ माणसं जिल्ह्याच्या दवाखान्यात जातात, आणि मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, गावात नाही. पण २०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली. राष्ट्रीय पातळीवर नोंदींचा साठा करायचा आणि मतदार यादी, शिधापत्रिका, मालमत्ता नोंदणी अशा कामांसाठी तो इतर खात्यांना वापरू द्यायचा, अशी सोय त्यात आहे. दुसरीकडे शेतकरी ओळख क्रमांकाने माणूस आणि त्याचा गट नंबर एकमेकांना जोडले जात आहेत. दोन्ही टोकं तयार आहेत. त्यांची गाठ मारणारं कलम तेवढं नाही.

प्रश्न : ताई, मी वकिली करतो. कायदे पुष्कळ आहेत, अंमलबजावणी नाही. लोकसेवा हक्क कायदा आला, तरी माणसं हेलपाटे घालतातच. तुमच्या आपोआप नोंदीने घराघरांत भांडणं लागतील आणि दिवाणी न्यायालयात गर्दी वाढेल, असं वाटत नाही का? (सांगली)

उत्तर : वकीलसाहेब, मी नोंद धरायला सांगतेय, मंजूर करायला नाही. फेरफार रजिस्टरला नोंद धरली, चावडीवर लावली, हितसंबंधितांना नोटिसा गेल्या, हरकत आली तर ती तक्रार नोंदवहीत चढली, मग सुनावणी. ही वाट कलम १५० ने आखलेलीच आहे. मला फक्त तिची पहिली पायरी माणसाच्या अंगावरून काढून कार्यालयाच्या अंगावर टाकायची आहे. भांडण असेल तर ते वडील गेल्यावर सहा महिन्यांत समोर आलेलं बरं. वीस वर्षांनी नातवंडांच्या हाती येतं, तेव्हा साक्षीदार उरलेले नसतात आणि जमीन दोनदा विकली गेलेली असते. तुमच्या टेबलावरच्या किती फायली अशा आहेत, तुम्हीच पाहा.

अंमलबजावणीचं म्हणणं मात्र पटतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये मुदत आहे, दोन अपिलं आहेत, वर आयोग आहे, चुकार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. मग अपील कोण करतं? ज्याला उद्या त्याच तलाठ्याकडून पीक नुकसानीचा पंचनामा हवाय, परवा रहिवासी दाखला हवाय, तो त्याच्याविरुद्ध अपील लिहीत नाही. मी खुर्चीत असताना माझ्याविरुद्धही लोक लिहीत नव्हते. माझी सगळी कामं वेळेत होत होती म्हणून नाही. तेव्हा दुसरी दुरुस्ती तिथे करा. मुदत संपली, की फाईल अर्जदाराने काही न करता वरच्या अधिकाऱ्याकडे जावी आणि तेच पहिलं अपील समजावं. अर्जाला पोच क्रमांक आहे, तारीख आहे, सगळं संगणकावर आहे. अवघड काहीच नाही.

आणि तलाठ्यावरच्या भाराचं बोलायचं, तर त्याच्या गळ्यात जमिनीपलीकडची किती कामं असतात, हे मी अनुभवलंय. निवडणूक, टंचाई, पंचनामे, वसुली. रिकाम्या जागांमुळे एकेकाकडे दोन-दोन सजे. कलम लिहायचं आणि माणूस द्यायचा नाही, हेही चालणार नाही.

प्रश्न : वडील जाऊन दोन महिने झाले. आम्ही दोघी बहिणी, एक भाऊ. भाऊ चांगला आहे, पण म्हणतो, “सही करून टाका, नाहीतर कर्ज मिळत नाही.” सगळे नातेवाईकही तेच म्हणतात. कायदा मुलींच्या बाजूने आहे म्हणतात, मग मला एवढं एकटं का वाटतं? (जि. नाशिक)

उत्तर : ताई, आधी तुमच्या कामाचं. कर्जासाठी तुमचं नाव काढावं लागत नाही. सगळ्यांची नावं सातबाऱ्यावर ठेवून, सगळ्यांच्या संमतीने कर्ज काढता येतं. तुमचा हक्क पक्का आहे. आपल्या राज्याने १९९४ मध्येच मुलींना वडिलार्जित जमिनीत जन्माने हिस्सा दिला, ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर लागू झाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्या तारखेला वडील हयात नसले तरी हक्क जात नाही. तुमची आई असेल, तर तीही पहिल्या वर्गातली वारस आहे. तिचंही नाव लागलं पाहिजे. घाईने सही करू नका.

आता एक गोष्ट सांगते, ती आजवर कुठे लिहिली नव्हती. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, एक भाऊ आपल्या तीन बहिणींना घेऊन माझ्याकडे आला. स्टॅम्पपेपरवर लिहून आणलेलं, ‘आम्ही राजीखुशीने हक्क सोडत आहोत.’ दस्त नोंदवलेला नव्हता. तिघींनी अंगठे दिले. धाकटीने बोटाची शाई केसांना पुसली आणि भावाकडे बघून हसली. अंगावर त्याने आदल्या दिवशी ओवाळणीत घातलेली नवी साडी होती. मी नोंद धरली, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली. नोंदणीकृत हक्कसोडपत्राशिवाय नाव कमी करता येत नाही, हे मला माहीत होतं. पण गावात सगळे असंच करतात, आणि समोर सगळ्या हसत होत्या. सहा वर्षांनी धाकटी परत आली. नवऱ्याने टाकलेली, बरोबर दोन मुलं. भावाने जमीन विकून टाकली होती. तिने मला एवढंच विचारलं, “बाई, तवा तुमी मला का नाय इचारलं?” मी तिला वकिलाकडे पाठवलं. पुढे काय झालं ते मला कळलं नाही. माझी बदली झाली. पण तिने विचारलेलं खरं होतं. मी भावाला विचारलं होतं, तिला नाही.

म्हणून हक्कसोडीबद्दल मला कायद्यात तीन गोष्टी हव्यात. वडील किंवा नवरा वारल्यापासून एक वर्ष कुठल्याही बाईचं हक्कसोडपत्र नोंदवूच नये. तेराव्यापासून सगळे तिच्या मागे लागतात आणि ती रडण्यात असते. नोंदवताना दुय्यम निबंधकाने तिला एकटीला आत बसवावं आणि तिच्या हिश्श्याचं क्षेत्र किती, सरकारी बाजारमूल्य दराने त्याची किंमत किती, हे मोठ्याने वाचून दाखवावं. आणि सही केल्यावर सहा महिन्यांत ती फिरवण्याची मुभा असावी. त्यानंतरही जी आपणहून सोडेल तिने खुशाल सोडावं. तो तिचा अधिकार आहे. लोक म्हणतील, याने भाऊ-बहीण दुरावतील. मला तसं वाटत नाही. बहिणीला जमिनीची किंमत कळल्याने जे नातं तुटतं, ते आधीच तुटलेलं होतं.

नोंद धरतानाची एक जुनी सवयही मोडली पाहिजे. मुलांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, आणि मुलींची ‘इतर हक्कात’, असं आम्ही वर्षानुवर्षं लिहीत आलो. तुमच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव कुठे लागतंय, ते स्वतः वाचून बघा. इतर हक्कात टाकलं असेल तर लगेच हरकत घ्या.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. डिजिटल सही असलेला सातबारा आता १५ रुपयांत मोबाईलवर मिळतो, वारसनोंदीचा अर्जही घरून करता येतो. मग कायदा बदलायची गरज उरते का?

उत्तर : उरते. संगणकावर तेच चढलं जे हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर होतं. आजोबा गेल्यावर थोरल्या काकाचं नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलं असेल आणि पुढे कधीतरी ती तीन अक्षरं गळाली असतील, तर आज डिजिटल सहीने तुमच्या हाती येतं ते एकट्या काकाचं नाव. लेखनातली चूक कलम १५५ खाली तहसीलदार दुरुस्त करू शकतात, पण मूळ फेरफार तुम्हालाच शोधून द्यावा लागतो. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा तालुक्याच्या अभिलेख कक्षातून १९५० पासूनचे तुमच्या गटाचे फेरफार मागून घ्या आणि एका वहीत ओळीने लिहून काढा. काका हयात आहेत तोवर करा.

प्रश्न : मला लिहिता येत नाही, हे पत्र मुलीने लिहिलंय. मालक जाऊन सव्वा महिना झाला. तलाठ्याकडे तोंडी सांगितलं तर चालतं का? (जि. हिंगोली)

उत्तर : चालतं, बाई. कलम १४९ मध्ये ‘तोंडी किंवा लेखी’ असंच आहे. तीन महिन्यांच्या आत जा, म्हणजे तुमच्याकडे अजून दीड महिन्याच्या वर वेळ आहे. मुलीला बरोबर न्या. तिचं, तुमचं, सासूबाई असतील तर त्यांचं, सगळ्या वारसांची नावं सांगा, कुणाचंही गाळू नका. वर्दी मिळाल्याची लेखी पोच देणं तलाठ्यावर बंधनकारक आहे. ती हातात पडेपर्यंत तिथून उठू नका. पोच मिळाली, की तिच्या दोन झेरॉक्स काढा, आणि मला पुन्हा पत्र टाका. नोटीस कधी येते ते आपण बघू.