‘उत्तर नाही’ हेही उत्तर असतं

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. जेईईचा क्लास लावलाय, टेस्टमध्ये मार्क बरे पडतात. पण रात्री ती खऱ्या-खोट्या विधानांची कोडी सोडवत बसते. एका कोड्यावर चार दिवस घालवून शेवटी लिहिलं, ‘उत्तर नाही’. ते पान सोबत पाठवतोय. वही मी कपाटात कुलपात ठेवली आहे. हा नाद कसा सोडवू?
– एक वडील, सांगली

उत्तर : मार्क बरे आहेत, असं तुम्हीच लिहिता. मग कुलूप कशासाठी? मला काळजी वाटली ती त्या कुलपाची. मोबाइल काढून घेणं वेगळं. स्वतः विचार करून भरलेली वही काढून घेतली, तर पोरगी यापुढे विचार लपूनछपून करेल. वही आजच परत द्या. रात्रीचं जागरण तेवढं बंद करा, झोप हवीच.

तुम्ही ते पान नीट वाचलंय का? नऊ विधानांची यादी आहे; त्यातली कोणती खरी, कोणती खोटी, हे ठरवायचं. पहिलं म्हणतं, ‘या यादीत किमान एक विधान खोटं आहे’; दुसरं म्हणतं, ‘किमान दोन’; असं नऊपर्यंत. दहा विधानं असती तर पहिली पाच खरी, पुढची पाच खोटी, असं जमलं असतं. नऊमध्ये जमत नाही. कारण जितकी खोटी, नेमकी तितकीच खरी ठरतात (तीन खोटी असली, तर पहिली तीनच खरी), म्हणजे एकूण संख्या समच लागते. हे तिनं सिद्ध करून लिहिलंय.

‘उत्तर नाही’ म्हणजे चार दिवस वाया गेले, हा तुमचा समज साफ चुकीचा आहे. उत्तर न सापडणं वेगळं आणि ते असूच शकत नाही हे सिद्ध करणं वेगळं. १९३१ मध्ये तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांनी स्वतःविषयीच बोलणारं विधान रचलं आणि ज्यात परस्परविरोध नाही आणि ज्याचे नियम यांत्रिकपणे तपासता येतात, अशा अंकगणिताच्या कुठल्याही पुरेशा सक्षम व्यवस्थेत काही विधानं सिद्धही करता येत नाहीत, खोडताही येत नाहीत, हे दाखवलं. कुठलाही प्रोग्राम कधीतरी थांबेल की चालतच राहील, हे दरवेळी अचूक सांगणारी पद्धत असूच शकत नाही, हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलं. संगणकशास्त्र शिकणाऱ्याला हे आजही शिकावं लागतं.

गणित ऑलिंपियाड स्पर्धेची, तसंच चेन्नईचं सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) आणि आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) यांच्या प्रवेश परीक्षांची माहिती काढा. तिथे सिद्धता लिहिता येणाऱ्या मुलांची कदर होते. ती गणितच करेल असं मी म्हणत नाही. तिला काय करायचंय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या.