गोव्याच्या 70.3 ट्रायथलॉनसाठी (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची शर्यत; 70.3 म्हणजे तिचं एकूण अंतर, मैलांत) माझं सायकल आणि धावणं चांगलं आहे. पोहणं ब्रेस्टस्ट्रोकने (बेडकासारखे हातपाय मारत) जेमतेम निभावलं तर चालेल का?

कागदावर चालतं. 1.9 किमी पोहायला 70 मिनिटं मिळतात, म्हणजे 100 मीटरला साधारण 3 मिनिटं 40 सेकंद. ब्रेस्टस्ट्रोकला मनाई नाही. दम लागला तर बचाव पथकाच्या कयाकला (छोट्या होडीला) धरून थांबताही येतं, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही.

पण तुमचा अंदाज तलावातला दिसतोय. 25 मीटरच्या तलावात हे अंतर म्हणजे 76 लांब्या, आणि प्रत्येक वेळी भिंतीला पाय लावून फुकटचा धक्का मिळतो. मिरामारच्या समुद्रात, जिथे ही शर्यत पोहायची असते, भिंत नाही. तोंडात खारं पाणी जातं, शेजारच्याची लाथ बसते, आणि मधूनमधून मान वर करून बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) पाहिला नाही तर माणूस तिरका जातो. मग 1.9 चे दोनाच्या वर कधी गेले ते कळतही नाही.

खरी गोम मात्र पाण्याबाहेर आल्यावर आहे. ब्रेस्टस्ट्रोकचा बराचसा जोर पायांवर असतो, आणि त्याच पायांनी पुढे 90 किमी सायकल मारून 21.1 किमी पळायचंय. धापा टाकत बाहेर आलेला माणूस सायकलवर आधी श्वास सावरत बसतो, पाणी नि खाणं लांबवतो, आणि त्याची वसुली पळताना होते, तीही गोव्याच्या दमट उन्हात. म्हणजे पोहण्यातला आळस तुम्हाला ज्यात गती आहे तिथेच नडणार. आणि पोहण्याच्या 70 मिनिटांच्या मर्यादेशिवाय सगळ्या शर्यतीलाही मर्यादा आहे: तिन्ही मिळून साडेआठ तास.

पोहणारे जास्त तंदुरुस्त, पळणारे की सायकलवाले, अशा गप्पांतल्या वादातूनच 1978 मध्ये हवाईत पहिली आयर्नमॅन (70.3 च्या दुप्पट अंतराची ट्रायथलॉन) झाली. 15 जण उतरले, 12 जणांनी ती पूर्ण केली. तुम्ही त्या वादात सायकलवाल्यांच्या बाजूने बसलेले वाटता, मीही तिथलाच!

म्हणून माझं मत: आठवड्यातली एक सायकल राइड कमी करा आणि ती वेळ चांगल्या प्रशिक्षकाकडे फ्रीस्टाइलला द्या. आपल्याला जे येतं तेच करत राहण्याला आपण सराव म्हणतो, हा सगळ्यांचाच रोग आहे. तलावात सलग दोन किमी जमलं की उघड्या पाण्यात उतरा, पण एकटे कधीच नाही. मालवणला चिवला बीचवर डिसेंबरच्या सुमारास सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथे वेगवेगळी अंतरं असतात. समुद्राची भीती मोडायला ती उत्तम.

आणि पाणी मनापासून नकोच असेल तर रिले आहे. एकाने पोहायचं, दुसऱ्याने सायकल, तिसऱ्याने धावायचं. त्यात कमीपणा काही नाही. उलट, एकट्याने तिन्ही करायचं ठरवून त्यातलं एक उरकून टाकण्यापेक्षा मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

आणखी एक, हे तुम्ही विचारलेलं नाही. पंक्चर स्वतः काढता येतं का? शर्यतीत बाहेरच्या कुणाची मदत घेतली तर बाद करू शकतात. मागच्या चाकाची ट्यूब बदलायचा सराव घरी करा, तोही हात घामाने ओले असताना.