क्रॉप सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) कॅमेऱ्यासाठी पहिली प्राइम (झूम न होणारी) लेन्स कोणती घ्यावी, ३५ मिमी की ५० मिमी?

घरातले फोटो जास्त काढत असाल तर ३५ मिमी. १.५ पट क्रॉपवर ५० मिमीची चौकट फुल-फ्रेमवरच्या ७५ मिमीइतकी अरुंद होते. छोट्या खोलीत मागे सरकत भिंतीला पाठ टेकली तरी दोन-तीन माणसं नीट मावत नाहीत. ३५ मिमी तिथे साधारण ५२ मिमीसारखी वागते. फक्त चेहरेच टिपायचे असतील तर ५० उत्तम.

दोन्हींचा खरा फायदा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचा; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ किट लेन्स ५५ला एफ/५.६ पर्यंतच उघडते, प्राइमच्या एफ/१.८ वर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. फोकसची खोली (स्पष्ट दिसणारा भाग) मात्र फार कमी होते, तेव्हा फोकस डोळ्यावरच धरा.

घेण्याआधी किट लेन्स काही दिवस ३५वर आणि मग ५०वर ठेवून फोटो काढून बघाच.