'नंतर बघू'चा ढीग

अनेक उत्तम आशीर्वाद.

तिकीट निघालं आणि सामान बघून हातपाय गळाले, असं लिहिलं आहेस. साहजिक आहे. परदेशी निघालेल्या माणसाला पहिली घाई बॅग भरायची होते. तू मात्र ती बॅग आधी बंद कर आणि पलंगाखाली सरकवून दे. तिचं काम शेवटच्या आठवड्यात. आत्ता घरातली एकेक वस्तू हातात घेऊन एवढंच ठरवायचं: ही सोबत न्यायची, कुणाला द्यायची, विकायची की टाकायची?

हे चार ढीग करायला बसलीस की पाचवा आपोआप उभा राहतो. त्याचं नाव 'नंतर बघू'. माझा सगळा राग या ढिगावर आहे. त्यातल्या वस्तू नेण्याइतक्या गरजेच्या नसतात आणि टाकण्याइतक्या परक्याही नसतात. शेवटच्या रात्री तो ढीग खोक्यांत कोंबला जातो आणि कुणाच्या तरी माळ्यावर चढतो. 'राहू दे ना तुमच्याकडे' हे बोलायला सोपं आहे, पण त्या घरातली जागा तू किती काळ अडवणार हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यांना ते वापरता येत नाही, फेकता येत नाही, आणि जाणाऱ्या माणसाला नाही म्हणायचं तरी कसं, म्हणून ते गप्प बसतात. ठेवायचंच असेल तर एक खोकं ठेव. आत काय आहे याची यादी झाकणावर चिकटव, तिचा फोटो दोघांकडे असू दे, आणि त्यावर एक तारीख घाल. 'ही तारीख उलटली की विका, वाटा, फेका, मला विचारू नका' हे स्वतःच्या हाताने लिहून दे. असं लिहिताना हात अडखळला, तर ती वस्तू बहुधा सोबत न्यायची आहे.

सुरुवात कुठून करावी? जिथे जीव गुंतलेला नाही तिथून. चार्जर, वायरी, चपला-बूट, भांडीकुंडी. पत्रं आणि फोटो सगळ्यात शेवटी. पहिल्याच दिवशी जुन्या पत्रांचा डबा उघडणारी माणसं संध्याकाळी त्याच जागी बसलेली सापडतात. शंभरेक फालतू वस्तूंचा निकाल लावल्यावर ठरवण्याची सवय होते, मग अवघड वस्तूही उरकतात.

आता वजनाचं. इकॉनॉमीच्या तिकिटावर बहुतेक मोठ्या विमान कंपन्या एका बॅगेला २३ किलो देतात, आणि लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर. किती बॅगा, ते तुझ्या तिकिटावर लिहिलेलं असेल. जास्तीचे पैसे भरले तरी एका बॅगेत ३२ किलोच्या वर सहसा घेत नाहीत, कारण ती बॅग कुणीतरी माणूस उचलणार असतो. रिकामी टणक बॅगच चार-पाच किलोंची असते, म्हणजे तुझ्या हातात अठराच्या आसपास उरतात. भरलेली बॅग काट्यावर ठेवून हळहळण्यापेक्षा वस्तू आधी सुट्या तोल. जाड पुस्तकं आणि बूट किती खातात ते पाहिलंस की अर्धे वाद तिथेच मिटतील.

उशा-रजया कुरिअरने पाठवायचा विचार सोडून दे. कुरिअरवाले वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५,००० ने भागायचं, असा त्यांचा हिशेब. ६० बाय ४५ बाय ४० चं खोकं २१.६ किलोंचं धरलं जातं, मग आत सहा किलोंची रजई का असेना. पुस्तकांचं उलट आहे. ती जड असली तरी जागा कमी घेतात, आणि जहाजाने जाणाऱ्या सुट्या सामानाचा दर सहसा घनमीटरवर असतो. म्हणून पुस्तकं जहाजाने, लहान लहान खोक्यांत. मोठं खोकं पुस्तकांनी भरलंस तर तळ फाटेल. लाकडी पेटी करून घेणार असशील तर लाकूड आयएसपीएम १५ या लाकडी वेष्टनांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रक्रिया केलेलं आणि तसा शिक्का असलेलं हवं. म्हणजे, उष्णतेची प्रक्रिया असेल तर, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. हे सारं लाकडातल्या किडींसाठी. शिक्का नसेल तर बंदरात पेटी अडकू शकते.

खोक्यांना क्रमांक दे आणि क्रमांकवार यादी कर. 'कपडे, पुस्तकं, इतर' अशी यादी कामाची नाही. कस्टम्सवाल्यांना वस्तू, संख्या आणि साधारण किंमत हवी असते, आणि विमा कंपनीलाही तेच. बऱ्याच पॉलिसींत आपण स्वतः बांधलेल्या खोक्यातली फूटतूट धरतच नाहीत, तेव्हा सही करण्याआधी ते कलम शोधून वाच. विमानातल्या बॅगेचंही सांगून ठेवतो. सामान फुटलेलं मिळालं तर हाती आल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळालं तर २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. हा आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाबद्दलच्या १९९९ च्या माँट्रियल कराराचा नियम. बॅग बंद करण्याआधी आतला एक फोटो काढून ठेव.

विजेच्या वस्तूंची पाठ उलटून वाच. '१००–२४० व्होल्ट' लिहिलं असेल तर ती जगात कुठेही चालेल. लॅपटॉप आणि फोनचे चार्जर बहुतेक असेच असतात. केस वाळवायचं यंत्र, इस्त्री, किटली हे सहसा एकाच व्होल्टेजचे असतात. जपानात १०० व्होल्ट, उत्तर अमेरिकेत १२०, युरोपात २३०. अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. असल्या वस्तू इथेच देऊन टाक.

हातातल्या बॅगेत काय, यावर मात्र तडजोड नको. मूळ कागदपत्रं, औषधं, लॅपटॉप, एक जोड कपडे. पॉवर बँक तर हातातच लागते, चेक-इन बॅगेत चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंत (बॅटरीत साठणाऱ्या विजेचं हे माप) सहसा परवानगी लागत नाही, आणि नेहमीची २०,००० मिलिअँपिअर-तासांची बँक ७४ वॉट-तास भरते. औषधं मूळ वेष्टनात ठेव, सोबत औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. तिथला औषधांचा नियम आधी बघ, कारण डॉक्टरांनी दिलेलं औषधही कुठे कुठे बंदी असलेलं निघतं. अँफेटामाइन असलेली औषधं जपानात चिठ्ठी असूनही नेता येत नाहीत. पदवीच्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागणार असेल तर निघण्याआधी करून घे. ज्या देशाने कागद दिला तिथलाच अधिकारी ते देतो, दूर बसून ते काम फार रेंगाळतं.

आणि फोन नंबर! तोही सामानच. बँका, ईमेल, सरकारी खाती, सगळ्यांचे ओटीपी जुन्या नंबरवर येतात. सिम बंद होण्याआधी एकेक खातं उघडून नंबर बदल किंवा ते सिम परदेशात चालू राहील याची सोय कर. ओटीपी येत नसेल तेव्हा खातं उघडायला लागणारे बॅकअप कोड कागदावर लिहून पासपोर्टपासून वेगळे ठेव.

राहता राहिली तुझी गिटार. पत्रात तिचा उल्लेख तीनदा आहे, म्हणजे ती पाचव्या ढिगात बसली आहे हे मला कळलं. तुला ती न्यायची असेल तर टणक केस घे, तारा थोड्या सैल कर, आणि ती केबिनमध्ये घेतील का हे कंपनीकडून लेखी मागव. ब्राझिलियन रोझवुड या लाकडाची असेल तर साइट्स करारानुसार, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, परवाना लागू शकतो. इतर रोझवुडच्या तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीपासून सूट आहे. न्यायची नसेल तर वाजवणाऱ्याला दे, भिंतीवर टांगणाऱ्याला नको. येत्या रविवारपर्यंत काय ते ठरव आणि मला कळव. द्यायची ठरली तर वाजवणारी एक मुलगी माझ्या ओळखीची आहे, तिला मी तुझा पत्ता देतो.