नोकरी सोडून फुटपाथवर चित्रं काढायची आहेत. कंपनी अडवू शकते का?

प्रश्न : मी एका डिझाइन कंपनीत सहा वर्षं पाच महिने ग्राफिक डिझायनर आहे. गेलं वर्षभर दर रविवारी फुटपाथवर बसून लोकांची पोर्ट्रेट्स काढते. आता नोकरी सोडून हेच पूर्णवेळ करायचं ठरवलंय, पुढे भिंतीही रंगवायच्या आहेत. एचआरला कळल्यावर त्यांचा मेल आला : नोटीस पिरियड ९० दिवसांचा, नोकरीच्या काळात काढलेलं प्रत्येक चित्र कंपनीचं, आणि नोकरी सोडल्यावर दोन वर्षं चित्रकलेचा कोणताही व्यवसाय करायचा नाही. त्यातच मागच्या रविवारी महापालिकेच्या गाडीने माझा ईझल (चित्र उभं ठेवायचा स्टँड) आणि रंग उचलून नेले. 'इथे भीक मागायची नाही' असंही सुनावलं. मी काय करू?

उत्तर : दोन वर्षांच्या बंदीची भीती आधी मनातून काढून टाका. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २७ प्रमाणे कोणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. नोकरी संपल्यानंतर अशी बंदी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. कंपनीची गुपितं किंवा ग्राहकांची माहिती मात्र बाहेर वापरता येणार नाही.

पण नोकरी चालू असतानाची बंदी वेगळी. 'दुसरं काम करणार नाही' असं नेमणूकपत्रात असेल तर ते तुमच्यावर बंधनकारक आहे. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत रविवारचं बसणं थांबवा. मन मोडेल, तरी थांबवा. कंपनीच्या हाती शिस्तभंगाचं कारण देऊ नका.

नोटीस पिरियडचंही तसंच. जबरदस्तीने कामावर बसवण्याचा आदेश कोर्ट देत नाही, पण करारात असेल तर न भरलेल्या दिवसांचा पगार कंपनी मागू शकते. तुमच्या बाबतीत नोटीस पूर्ण करणं फायद्याचंही आहे. ग्रॅच्युइटी धरताना सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेला वरचा काळ पूर्ण वर्ष मोजतात. आज बाहेर पडलात तर सहा वर्षांची ग्रॅच्युइटी मिळेल. ९० दिवस भरलेत तर सेवा सहा वर्षं आठ महिन्यांची होते आणि हिशेब सात वर्षांचा लागतो. दर वर्षामागे शेवटच्या मासिक वेतनाला २६ने भागून १५ने गुणायचं. ही रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी. बाकीच्या पगारासाठी 'फुल अँड फायनलला (शेवटच्या हिशेबाला) ४५ दिवस लागतात' असं सांगतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांची मुदत आहे, हे मेलमध्ये लिहा.

चित्रांचं काय? कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कलाकृतीचा पहिला मालक कंपनी असते. रविवारी अनोळखी माणसाचा काढलेला चेहरा हा नोकरीच्या कामाचा भाग नाही. तरीही नेमणूकपत्रातलं ते कलम शब्दशः वाचा. काही कंपन्या त्यापलीकडचंही लिहून घेतात, आणि तसं असेल तर ते पान वकिलाला दाखवल्याशिवाय मेलला उत्तर देऊ नका. स्केचबुकांवर तारखा टाका. कंपनीच्या लॅपटॉपवर स्वतःचं एकही चित्र ठेवू नका.

आता रस्त्याकडे वळू, कारण मला खरी काळजी तिथली वाटते. पालिकेचे लोक भीक मागण्याबद्दल बोलले त्याचा तुम्हाला अपमान वाटला, आणि तो होताच. पण त्यामागे एक कायदाही आहे. महाराष्ट्रात लागू असलेल्या १९५९च्या भीक प्रतिबंधक कायद्यातली 'भीक' ही व्याख्या फार पसरट आहे : सार्वजनिक जागी गाणं, नाच, कसरत किंवा एखादी वस्तू विकायचं निमित्त करून दान घेणंही तीत येतं. पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत भिक्षेकरी गृहात ठेवण्याचा आदेश होऊ शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये यातली मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली, पण ती दिल्लीपुरती. कलावंताला भिकाऱ्याच्या रांगेत बसवणारा हा कायदा मला मुळातच अन्यायाचा वाटतो. तो आहे तोवर मात्र पुढ्यात वाटी किंवा उलटी टोपी ठेवू नका. दरांचा फलक लावा, चित्र देताना पावती द्या, पैसे शक्यतो क्यूआर कोडवर घ्या. ठरलेल्या मोबदल्यात सेवा देणारी व्यक्ती भीक मागत नसते, आणि हे तोंडाने सांगण्यापेक्षा पावतीपुस्तकाने जास्त लवकर पटतं.

तुमचा खरा आधार पथविक्रेता कायदा, २०१४. त्याच्या व्याख्येत रस्त्यावर वस्तू विकणाऱ्यांइतकेच लोकांना सेवा देणारेही येतात. माझ्या मते समोर बसवून पोर्ट्रेट काढून देणं ही सेवाच आहे, आणि अर्जात नेमका हाच शब्द वापरा. प्रमाणपत्रासाठी पालिकेच्या पथविक्रेता समितीकडे अर्ज करा, पण नोकरी सुटल्यावर. 'उपजीविकेचं दुसरं साधन नाही' अशी हमी त्यात द्यावी लागते. पगार चालू असताना ती दिलीत तर खोटी ठरेल. प्रमाणपत्र मिळाल्यावर ३० दिवसांची नोटीस दिल्याशिवाय तुम्हाला हटवता येत नाही. तोवर पादचाऱ्यांची वाट मोकळी ठेवा. रस्ता अडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ईझल आणि रंगांसाठी या आठवड्यातच वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या. पथविक्रेत्याचा माल उचलताना यादी करून तिची सही केलेली प्रत जागीच द्यावी लागते, आणि नाशवंत नसलेला माल मागणी केल्यापासून दोन कामाच्या दिवसांत, ठरलेलं शुल्क घेऊन, परत करावा लागतो. प्रमाणपत्र नाही म्हणून अधिकारी वाद घालतील. तरीही यादी मागा. अर्जात जागा, तारीख, वेळ आणि प्रत्येक वस्तू लिहा, ब्रशसुद्धा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

भिंतींची घाई नको. विद्रुपीकरणाविरुद्धचा राज्याचा १९९५चा कायदा रस्त्यावरून दिसणाऱ्या खाजगी भिंतीलाही लागू होतो आणि त्यात कैदेचीही तरतूद आहे. मालकाची लेखी संमती आणि पालिकेची परवानगी हातात आल्याशिवाय डबा उघडू नका. 'चांगलं चित्र आहे, कोण काय म्हणणार' या भरवशावर तर मुळीच नाही.

पीएफ घाईने काढू नका. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि पुन्हा कधी नोकरी केलीत तर ही वर्षं धरली जातात. कंपनीचा आरोग्य विमा मात्र बहुधा शेवटच्या दिवशीच संपेल, त्यामुळे स्वतःची पॉलिसी नोटीसच्या काळातच घ्या. राजीनामा मेलवर द्या, त्यात शेवटच्या दिवसाची तारीख लिहा, आणि चित्रकलेचा उल्लेखही करू नका. रिलीव्हिंग लेटर अडवून दोन वर्षांच्या बंदीवर नव्याने सही मागितली तर सही न करता लेखी कारण मागा.