तंबूतल्या रात्रींची नोंद कोण करणार?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी अनेक वर्षे सह्याद्रीत गडभटकंती करत आहोत. येत्या सप्टेंबरात तीन आठवड्यांसाठी उझबेकिस्तानला जाणार असून, समरकंद ते बुखारा या टप्प्यात नुराताचे डोंगर आणि आयदारकुल सरोवर या परिसरात तंबू ठोकून राहण्याचा विचार आहे. तेथे परदेशी प्रवाशाच्या मुक्कामाची सरकारदरबारी नोंद व्हावी लागते, असे कळले. हॉटेलात नसू त्या रात्रींचे काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : प्रवासाला निघण्यापूर्वीच आपण हा प्रश्न विचारलात, हे फार चांगले केलेत, कारण ही नोंद मागाहून करून घेणे कठीण असते. आपल्याकडे परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलने किंवा घरमालकाने २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवायची असते. उझबेकिस्तानातील व्यवस्थाही याच जातीची आहे. देशात आल्यापासून तीन दिवसांच्या आत पर्यटकाची नोंद व्हावी लागते आणि ती हॉटेल किंवा अतिथिगृह ‘ई-मेहमोन’ या संगणकीय प्रणालीत करते. ‘मेहमोन’ म्हणजे आपला मेहमानच! तंबूत किंवा स्वतःच्या वाहनात राहणाऱ्यांना याच प्रणालीच्या संकेतस्थळावर स्वतःची नोंद करण्याची सोयही आहे.

तरीही केवळ या सोयीवर विसंबून राहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. डोंगरदऱ्यांत आणि किझिलकुमच्या वाळवंटाच्या कडेला मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, आणि अर्धवट राहिलेल्या ऑनलाइन नोंदीपेक्षा हॉटेलने दिलेली, हाती असलेली नोंदणीची चिठ्ठी कितीतरी अधिक उपयोगी पडते. म्हणून सलग दोन रात्री तंबूत काढल्या, तर तिसरी रात्र नोंदणी करणाऱ्या ठिकाणी काढावी. आपल्या मार्गावर हे मुळीच अवघड नाही. नुरातातील सेंतोब, हयात यांसारख्या गावांत घरगुती अतिथिगृहे आहेत आणि आयदारकुलजवळ पर्यटकांसाठी युर्त, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूंचे तळ आहेत. मात्र ‘आमची नोंद करणार का?’ हे पैसे देण्यापूर्वी विचारावे आणि नकार मिळाल्यास तो मुक्काम नोंदीच्या हिशेबात धरू नये.

सह्याद्रीत गावाजवळ तंबू लावताना पोलीस पाटलांच्या कानावर घालण्याची आपली सवय तेथेही सोडू नये. तेथे वस्तीच्या महल्ल्याचा प्रमुख ‘ओक्सोकोल’, म्हणजे पांढऱ्या दाढीचा वडीलधारा, असतो. त्याला विचारून तंबू लावल्यास गावाचा विश्वास मिळतो आणि पाण्याची जागाही कळते. परंतु ही परवानगी म्हणजे नोंदणी नव्हे, आणि या दोन गोष्टींची गल्लत कृपया करू नये.

हॉटेलातून मिळालेली प्रत्येक चिठ्ठी पासपोर्टसोबत जपावी, तिच्यावरील नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा तेथल्या तेथे पडताळून पाहाव्यात व मोबाइलमध्ये छायाचित्र घेऊन ठेवावे. रात्रीच्या रेल्वेने गेल्यास तिकीट टाकून देऊ नये, कारण त्या रात्रीचा पुरावा तेवढाच असतो. तंबूतल्या रात्रींसाठी तारीख आणि ठिकाण लिहिलेली साधी वही ठेवावी. ती कायदेशीर नोंद ठरत नाही, पण अधिकाऱ्याने विचारल्यास सलग आणि खरे उत्तर देता येते. देश सोडताना या चिठ्ठ्या प्रत्येकाकडे मागतात असे नाही. मात्र नोंद नसल्याचे आढळल्यास दंड होतो आणि प्रकरण गंभीर असल्यास देशाबाहेर काढण्याचीही तरतूद आहे.

पुढे ताजिकिस्तान किंवा किर्गिझस्तानच्या सीमेलगतच्या डोंगरांत जाण्याचा विचार झाला, तर तेथे सीमाक्षेत्राचा स्वतंत्र परवाना लागू शकतो. त्याची चौकशी ताश्कंदमध्येच करावी आणि परवाना हाती येईपर्यंत त्या भागात तंबू लावू नये.